बर्फावरचा धावपटू आणि रायपूरचे ऊन

रायपूर : मे महिन्यात येथील पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला तर ती बातमी ठरत नाही. शहराच्या जुन्या भागातील ब्राह्मणपाऱ्यात दुपारी बारानंतर गल्ल्या ओस पडतात, दारांवर पडदे ओढले जातात आणि कूलर संध्याकाळपर्यंत बंद होत नाहीत. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात येत गेलेल्या मराठी कुटुंबांचा या परिसराशी जुना ऋणानुबंध आहे. उन्हाशी कसे वागावे, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. परंतु गेल्या दशक-दीड दशकात मध्य भारतातील शहरांतून असा एक पाहुणा राहायला आला आहे, की ज्याच्या शरीराला या उन्हाची ओळखच नाही. त्याचे नाव सायबेरियन हस्की.

निळसर डोळे, लांडग्यासारखा चेहरा, दाट केस आणि पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी असे त्याचे रूप. चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणी मालिकांतून लोकप्रिय झालेला हा कुत्रा आज नागपूर, रायपूर, पुणे अशा शहरांत विकत मिळतो. घेणाऱ्याला त्याचे डोळे दिसतात. मात्र तो मुळात कशासाठी घडला, याची चौकशी क्वचितच होते. हस्की हा बर्फावर ओझे ओढत शेकडो किलोमीटर धावणारा कष्टकरी प्राणी आहे. जगातील सर्वांत लांब पल्ल्याच्या, कठीण आणि वादग्रस्त शर्यतींपैकी काही त्याच्या भाऊबंदांच्या जोरावर चालतात. त्या शर्यतींची आणि त्या शरीराची माहिती घेतली, म्हणजे ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीतील घरात तो कसा राहील, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

गवत नसलेल्या मुलखाचा बैल

आपल्याकडे ओझे ओढण्याचे काम बैलाने केले, वाळवंटात उंटाने केले. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात यांपैकी कुणाचाच निभाव लागणे शक्य नव्हते, कारण तिथे वर्षातील बहुतेक काळ चारा मिळत नाही. तिथला माणूस मासे, सील आणि वॉलरस यांच्या मांसावर जगत असे. कुत्राही तेच खातो. म्हणजे गाडीवानाने केलेली शिकार हेच गाडीचे इंधन. एवढ्या एका सोयीमुळे सायबेरिया, अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड येथील माणसाचे जगणे कुत्र्याशी बांधले गेले.

ही सोबत फार जुनी आहे. सायबेरियाच्या उत्तरेस झोखोव्ह नावाचे बेट आहे. तेथील उत्खननात सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे स्लेजचे अवशेष आणि कुत्र्यांची हाडे सापडली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले, की त्या काळच्या कुत्र्याचे नाते आजच्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांशी, विशेषतः ग्रीनलंडच्या कुत्र्यांशी, जवळचे आहे. हडप्पा-मोहेंजोदडो वसण्याच्याही कितीतरी आधी हा कुत्रा आपल्या कामाला लागला होता.

स्लेज म्हणजे चाके नसलेली, लांब पट्ट्यांवर घसरणारी गाडी. ती हाकणाऱ्याला तिकडे मशर म्हणतात. आपण त्याला गाडीवान म्हणू. कुत्रे जोड्याजोड्यांनी एका लांब दोराला जुंपलेले असतात. सर्वांत पुढे अग्रणी कुत्रा किंवा अग्रणी जोडी, त्यामागे वळण घेण्यात तरबेज असलेली जोडी, मध्ये इतर आणि गाडीला अगदी लागून सर्वांत दणकट जोडी. काळ्या जमिनीत मोठा नांगर ओढण्यासाठी बैलांच्या चार-चार जोड्या जुंपल्या जात, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना ही रचना सहज उमगेल.

एक फरक मात्र मूलभूत आहे. बैलाला वेसण असते, गाडीवानाच्या हाती कासरा असतो. स्लेजच्या कुत्र्याला लगाम नसतो. गाडीवान केवळ तोंडाने हुकूम देतो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे, ‘हाइक’ म्हटले की चला, आणि ‘व्हो’ म्हटले की थांबा. काळोखात, हिमवादळात, दहा-पंधरा मीटर पुढे असलेला अग्रणी कुत्रा हे शब्द ऐकून वाट काढतो. कित्येकदा तो ऐकत नाही, आणि तेच बरोबर ठरते. समोरचा बर्फ पातळ आहे हे गाडीवानाला कळण्याआधी त्याला पंजांखाली कळलेले असते. हुकूम मोडणारा कुत्रा या कामात दोषी मानला जात नाही. उलट अशा कुत्र्यांच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. घरात पाळलेला हस्की ‘ऐकत नाही’ अशी मालकांची जी तक्रार असते, तिचे मूळ थोडेफार इथे आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू कठोर आहे. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचला, त्यात कुत्र्यांचा वाटा निर्णायक होता. त्याच्या तुकडीसोबत निघालेल्या ५२ कुत्र्यांपैकी परतले ११. उरलेल्यांपैकी अनेकांना वाटेत ठरवून मारण्यात आले, आणि त्यांचे मांस माणसांनी व इतर कुत्र्यांनी खाल्ले. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणासाठी झालेल्या करारानुसार १९९४ मध्ये त्या खंडावरून सर्व कुत्रे हटविण्यात आले. बाहेरून आलेल्या प्राण्यांमुळे तेथील सीलना रोग होऊ नयेत, हे त्यामागील एक कारण होते.

न थकणाऱ्या शरीराचे गणित

शर्यतीत धावणारा कुत्रा दिसायला फार मोठा नसतो. अलास्कन हस्की या नावाने ओळखला जाणारा शर्यतीचा कुत्रा साधारण २० ते २५ किलो वजनाचा असतो. ही नोंदणीकृत जात नाही. रूपापेक्षा कामगिरी पाहून जोड्या लावत तयार केलेला हा मिश्र वंश आहे. हा लहानखुरा प्राणी दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत अंतर कापतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो.

हे कसे साधते, याचा शोध अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यक संशोधकांनी वर्षानुवर्षे घेतला. माणूस लांब अंतर धावतो तेव्हा स्नायूंमधील साखरेचा साठा संपत जातो आणि एका क्षणी शक्ती सरते. या कुत्र्यांच्या बाबतीत पहिल्या दिवशी तसेच होते. मात्र पुढील एक-दोन दिवसांत त्यांचे शरीर जणू कूस बदलते. स्नायूंतील साठा घटण्याचे थांबते आणि धावणे चालू असतानाच शरीर पूर्ववत होऊ लागते. शर्यतीतील कुत्र्याला दिवसाला १० हजार किंवा त्याहून अधिक कॅलरी लागतात. घरात राहणाऱ्या त्याच वजनाच्या कुत्र्याला हजार-बाराशे पुरतात. हा आहार मुख्यतः चरबीचा असतो. तेवढी चरबी खाऊन माणूस आजारी पडेल, पण या कुत्र्याचे इंजिन त्याच इंधनावर चालते.

थंडीचा बंदोबस्तही तितकाच पक्का आहे. केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस बर्फ आणि वारा अडवतात, आतली लोकर हवा धरून ठेवते. पंजांत उष्ण रक्त आणणाऱ्या आणि थंड रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या एकमेकींना लगटून असतात. त्यामुळे परतणारे रक्त वाटेतच गरम होते आणि बर्फावर उभे राहूनही शरीर गार पडत नाही. झोपताना कुत्रा गोल वळतो, शेपटी नाकावर घेतो आणि अंगावर बर्फ साचू देतो.

आणि नेमकी इथेच त्याची खरी अडचण सुरू होते. उष्णता राखण्यासाठी घडलेल्या शरीराला उष्णता टाकणे जड जाते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी भिस्त धापेवर. जोरात धावणाऱ्या स्लेज-कुत्र्याच्या शरीराचे तापमान बाहेर गोठवणारी थंडी असतानाही ४० अंशांच्या पुढे जाते. म्हणूनच अलास्कातील अनुभवी गाडीवान मार्चच्या दुपारी ऊन पडले की चमू थांबवतात आणि रात्री धावतात. शून्याच्या आसपासचे तापमान त्यांच्या दृष्टीने ‘गरम’ असते.

साडेपाच दिवसांची धाव

स्लेज-कुत्र्यांचे नाव जगभर झाले ते एका रोगामुळे. जानेवारी १९२५ मध्ये अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या गावात घटसर्पाची साथ आली. गावातील एकमेव डॉक्टर कर्टिस वेल्श यांच्याकडील प्रतिविषाची मुदत संपलेली होती. समुद्र गोठल्याने जहाज येणे अशक्य, आणि तेव्हाच्या उघड्या विमानांना तशा थंडीत उडविण्याचा धोका पत्करण्यास अधिकारी तयार नव्हते. अँकरेज येथील रुग्णालयात प्रतिविषाचा साठा सापडला. तो रेल्वेने नेनाना या ठिकाणापर्यंत आणण्यात आला. तेथून नोमपर्यंतचे १,०८५ किलोमीटर राहिले, ते कुत्र्यांच्या भरवशावर.

२७ जानेवारीच्या रात्री पहिला चमू निघाला. वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्रे यांनी टपाल धावकांप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे ती पेटी पोहोचवली. गाडीवानांमध्ये तेथील आदिवासी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते, हे मात्र पुढे वर्तमानपत्रांनी फारसे सांगितले नाही. तापमान उणे ४५ अंशांच्या आसपास गेले होते. काहींचे चेहरे आणि बोटे हिमदंशाने काळी पडली, काही कुत्रे वाटेत मेले. २ फेब्रुवारीच्या पहाटे गुन्नार कासेन याचा चमू नोममध्ये शिरला. १२७ तासांहून थोडा अधिक वेळ लागला होता. पेटीतील एकही कुपी फुटली नव्हती.

कासेनच्या अग्रणी कुत्र्याचे नाव बाल्टो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. परंतु या धावेतील सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेप्पाला आणि त्याचा बारा वर्षांचा अग्रणी कुत्रा टोगो यांनी, गोठलेल्या समुद्रावरून, पार केला होता. शेवटच्या टप्प्यावर असणाऱ्याचे छायाचित्र निघते, हा नियम माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही लागू पडला. सेप्पालाला याची खंत अखेरपर्यंत राहिली. बाल्टोचे पुढे फार हाल झाले. तो आणि त्याचे सोबती एका स्वस्त तमाशाघरात दाखवण्यासाठी ठेवले गेले. १९२७ मध्ये क्लीव्हलंड शहरातील लोकांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, वर्गणी काढून त्यांची सुटका केली.

बाल्टोला पिल्ले झाली नाहीत. त्याचे खच्चीकरण झालेले होते. टोगोचा वंश मात्र वाढला. सेप्पालाच्या कुत्र्यांपासून पुढे आलेल्या वंशातूनच अमेरिकेत सायबेरियन हस्की ही जात स्थिरावली आणि १९३० मध्ये तेथील श्वान संघटनेने तिला मान्यता दिली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या हस्कींच्या वंशावळीत त्या धावणाऱ्यांचे रक्त मिसळलेले आहे. आपल्याकडे घटसर्पाची लस प्रत्येक बाळाला शासकीय लसीकरणात मिळते, त्यामुळे त्या आजाराची धास्ती आता आठवणीतून गेली आहे. कुत्रा मात्र आपल्या दारापर्यंत आला.

इडिटारॉड आणि तिचे नियम

१९६० च्या दशकात बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या आल्या आणि अलास्कातील गावोगावचे कुत्र्यांचे चमू दिसेनासे होऊ लागले. ट्रॅक्टर आल्यावर आपल्याकडे बैलांचे जे झाले, तेच. ही परंपरा टिकावी म्हणून डोरोथी पेज आणि जो रेडिंग्टन यांनी पुढाकार घेतला. १९७३ मध्ये अँकरेज ते नोम अशी पहिली लांब पल्ल्याची इडिटारॉड शर्यत झाली. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले होते. २०१७ मध्ये मिच सीवी यांनी ती ८ दिवस ३ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. १९८५ मध्ये वादळात इतर थांबले असताना एकटीच पुढे निघालेली लिबी रिडल्स ही जिंकणारी पहिली महिला. पाठोपाठ सुसान बुचर यांनी चार वेळा विजय मिळवला. स्त्री-पुरुष एकाच यादीत उतरतात अशा मोजक्या मोठ्या स्पर्धांपैकी ही एक होय. सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्यालाही मान असतो. त्याला लाल कंदील दिला जातो. नॉर्वेत फिनमार्क प्रांतात १९८१ पासून अशीच मोठी शर्यत भरते.

साधारण बारा ते सोळा कुत्रे घेऊन गाडीवान निघतो. शर्यतीपूर्वी प्रत्येक कुत्र्याचा हृदयालेख काढला जातो, रक्त तपासले जाते. वाटेतील ठाण्यांवर पशुवैद्य असतात. एकदा सलग चोवीस तासांची आणि दोनदा आठ-आठ तासांची विश्रांती सक्तीची असते. थकलेला किंवा लंगडणारा कुत्रा ठाण्यावर सोडावा लागतो. तो विमानाने परत नेला जातो, आणि त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. शेवटी किमान पाच कुत्रे जुंपलेले असावेच लागतात. प्रत्येक कुत्र्यासाठी आठ कापडी मोजे बाळगणेही नियमात आहे, कारण बर्फाच्या धारदार कणांनी पंजे फाटतात.

नियम इतके बारकाईने का करावे लागले, याचे कारण मृत्यू आहेत. प्राणीहक्क संघटनांच्या गणतीनुसार १९७३ पासून या शर्यतीत दीडशेहून अधिक कुत्रे दगावले. काही वर्षे एकही मृत्यू न होता पार पडली, परंतु २०२४ मध्ये पुन्हा तीन कुत्रे गेले. २०१७ मध्ये डॅलस सीवी यांच्या चार कुत्र्यांच्या तपासणीत वेदनाशामक औषध आढळल्याने खळबळ उडाली. पुढील वर्षी आयोजकांनी त्यांना दोषमुक्त केले. याच सीवी यांनी २०२४ मध्ये सहाव्यांदा शर्यत जिंकून विक्रम केला. मोठ्या बँकेने आणि तेल कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतले, त्यामागे संघटनांचा दबाव होता.

शर्यतीपेक्षाही गंभीर प्रश्न शर्यतीबाहेरच्या दिवसांचा आहे. धावण्याचे दिवस मोजके असतात. उरलेले वर्ष कित्येक कुत्रे साखळीच्या टप्प्यात, एका लाकडी खोक्याशेजारी काढतात. कॅनडातील व्हिसलर येथे २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकनंतर पर्यटकांची संख्या घटली तेव्हा एका सहल व्यवसायातील सुमारे शंभर कुत्रे मारण्यात आल्याचे २०११ मध्ये उघड झाले. नंतर ५६ कुत्र्यांचे अवशेष उकरून काढण्यात आले. त्या प्रकरणानंतर ब्रिटिश कोलंबिया प्रांताने स्लेज-कुत्र्यांच्या देखभालीची सक्तीची संहिता केली.

बैलाचा खटला आणि कुत्र्याचा

मराठी वाचकाला हा वाद अनोळखी वाटणार नाही. बैलगाडा शर्यतीचा प्रश्न आपल्याकडे दशकभर न्यायालयात होता. २०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाचा समावेश खेळांसाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती अवैध ठरवल्या. त्या निकालातील एक महत्त्वाचा मुद्दा शरीररचनेचा होता. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्याप्रमाणे शर्यतीत धावण्यासाठी त्याची घडण नाही, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवालही राज्याने करून घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यतीचे अंतर, चाबूक आणि विजेचा धक्का देणारी साधने यांवर नियमांचे बंधन आले.

‘हा प्राणी धावण्यासाठी घडला आहे काय?’ हीच कसोटी लावली, तर स्लेज-कुत्रा ती कोणत्याही प्राण्यापेक्षा सहज उत्तीर्ण होईल. जुंपण्याआधी हे कुत्रे उड्या मारतात, ओरडतात, दोर ताणतात. त्यांना धावायला भाग पाडावे लागत नाही, आवरावे लागते. तरीही वाद मिटत नाही. माझ्या मते याचे कारण असे, की या कुत्र्याला कुठे थांबावे हे कळतेच असे नाही. चमूबरोबर धावण्याच्या ओढीने तो दुखणे लपवतो. त्याने कधी थांबावे हे गाडीवानाने ओळखायचे असते. चांगला गाडीवान दर मुक्कामाला आपल्या खाण्याआधी प्रत्येक पंजा हातात घेऊन पाहतो. वाईट गाडीवान घड्याळाकडे पाहतो. क्षमता कुत्र्याची आणि विवेक माणसाचा, अशी ही विभागणी आहे, आणि ती कोणत्याही नियमपुस्तिकेने पूर्णपणे हमखास करता आलेली नाही.

आता बर्फानेही दगा देण्यास सुरुवात केली आहे. पुरेसा बर्फ नसल्याने इडिटारॉडची मुख्य सुरुवात २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये उत्तरेकडे फेअरबँक्स येथे हलवावी लागली. २०२५ च्या बदललेल्या मार्गाने ती १,८०० किलोमीटरहून लांब झाली. ग्रीनलंडमध्ये या शतकाच्या आरंभी असलेल्या स्लेज-कुत्र्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली आहे. जून २०१९ मध्ये तेथे टिपलेले एक छायाचित्र जगभर पाहिले गेले : गोठलेल्या समुद्रावर वितळलेले निळे पाणी साचले आहे आणि कुत्रे त्यातून स्लेज ओढत चालले आहेत.

ब्राह्मणपाऱ्यातील दुपार

एकीकडे या कुत्र्यांचा स्वतःचा मुलूख तापत असताना, त्यांच्या वंशजांना आपण अधिक तप्त मुलखात आणून ठेवत आहोत. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीराची काही उष्णता आपसूक बाहेर जाते. रायपुरात एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी हवाच शरीरापेक्षा गरम असते. अशा वेळी जिभेवरील पाण्याचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. हवा कोरडी असेपर्यंत तो चालतो, पण शरीरातील पाणी झपाट्याने घटते. पावसाळा आला की लोकांना हायसे वाटते. तापमान उतरते, परंतु हवेतील दमटपणामुळे धापेचा उपयोग कमी होतो. साधा कूलरही याच कारणाने पावसाळ्यात कुचकामी ठरतो. म्हणजे धोक्याचा काळ मृग नक्षत्राबरोबर संपत नाही.

दुसरा प्रश्न धावण्याचा. ज्या प्राण्याचे शरीर दिवसाला शंभर किलोमीटरसाठी घडले, त्याला वातानुकूलित खोलीत बसवले तर तो दगावणार नाही; पण त्याची ऊर्जा कुठेतरी जाणारच. सोफा फाडणे, भिंती खरवडणे, दार उघडे दिसताच पसार होणे, रात्री लांडग्यासारखा सूर लावणे, या ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांना खोडी म्हणणे अन्यायाचे आहे. शेजाऱ्याची भिंत सामाईक असलेल्या जुन्या वाड्यांत तो सूर किती घरांत पोहोचत असेल, याची कल्पना करता येईल.

कायद्याने काही गोष्टी ठरवल्या आहेत. व्यावसायिक पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांची आयात एप्रिल २०१६ मध्ये बंद करण्यात आली. म्हणजे बाजारात मिळणारे पिल्लू बहुधा देशातच जन्मलेले असते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागणारे ग्राहक फार थोडे. २०२४ मध्ये तमिळनाडूने जाहीर केलेल्या श्वान पैदास धोरणात, तेथील उष्ण हवामान न मानवणाऱ्या जातींत सायबेरियन हस्की आणि अलास्कन मॅलाम्यूट यांची गणना करण्यात आली; त्यावर बराच वादही झाला.

धावणाऱ्या कुत्र्याचीच आवड असेल तर दख्खनच्या पठारावर शतकानुशतके राहिलेला कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, तो आहे. आखूड केस, लांब पाय, निमुळते अंग अशी त्याची घडण उन्हात धावण्याची आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये त्याच्यावर तिकीट काढले, लष्कराने त्याला प्रशिक्षणासाठी मेरठला नेले. त्यालाही रोज मोकळे मैदान लागते. तेवढे नसेल तर तोही गल्लीत सुखी राहणार नाही.

ज्यांच्या घरी हस्की आधीच आहे, त्यांच्यासाठी पशुवैद्यांचा सल्ला स्पष्ट आहे. फिरवणे पहाटे किंवा रात्री उशिरा, आणि तेही रस्ता निवल्यावर. तळहात डांबरावर काही सेकंद ठेवता येत नसेल तर पंजाही ठेवता येणार नाही. पाणी सतत जवळ असावे. उन्हाळ्यात केस भादरू नयेत, कारण वरचा थर उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतो. आतली गळणारी लोकर विंचरून काढणे पुरेसे असते. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, तोंडाला चिकट लाळ सुटून कुत्रा झोकांड्या खात असेल तर तो उष्माघात समजावा. दवाखान्याकडे धावण्यापूर्वी अंगावर, विशेषतः पोट आणि मांड्यांवर, नळाचे पाणी ओतून पंख्याखाली ठेवावे. शुद्धीवर असेल तरच पाणी पाजावे आणि मग विनाविलंब पशुवैद्य गाठावा. वाटेत गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.